पत्रिका जुळवायला बसण्याआधी

माझ्या मावसबहिणीची मुलगी दोन वर्षं मंगळी होती. एका वधू-वर सूचक मंडळात तिचं नाव घातलं, तिथल्या संगणकाने काढलेल्या पत्रिकेत चौथ्या स्थानी मंगळ निघाला आणि बायोडेटात 'मंगळ आहे' हे दोन शब्द तिच्या शिक्षणाच्याही वर जाऊन बसले. सांगून आलेली पाच-सहा बरी स्थळं तेवढ्यावरून परत गेली. मग एका दिवाळीत माळा आवरताना प्रसूतिगृहाची जुनी फाईल हाती लागली. जन्मवेळ पहाटे ४ वाजून ४० मिनिटं. मंडळाच्या फॉर्मवर बहिणीने नुसतं '४:४०' लिहिलं होतं आणि टाइप करणाऱ्याने दुपार धरली होती. बारा तासांत लग्नरास जवळजवळ समोरच्या राशीवर जाते, त्यामुळे दहाव्या स्थानातला मंगळ चौथ्यात येऊन बसला होता. चंद्र मात्र त्याच नक्षत्रात राहिला, म्हणून गुण तेवढेच भरत होते आणि कुणाला शंकाही आली नाही. पोरगी मला म्हणाली, "मावशी, आता मंगळ गेला म्हणे. मग दोन वर्षं माझ्याकडे राहायला आलेला तो कोण होता?"

मी ज्योतिषी नाही. वडिलांना पंचांगाचा नाद होता, त्यांच्या शेजारी बसून कोष्टकं वाचायला शिकले एवढंच. त्या कोष्टकांवरून संसाराचं भविष्य कळतं यावर माझा विश्वास नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आले. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० पत्रिका घेतल्या होत्या. त्यातल्या ४०-४० प्रत्येकाला देऊन 'कुठली कुणाची ते ओळखा' असं सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली आणि एकूण निकाल नाणेफेकीच्या वर गेला नाही. ती चाचणी विवाहाची नव्हती हे खरं. पण हे सगळं सांगून कुठल्या आईने पत्रिका बघायची थांबवलेली मी पाहिलेली नाही. तेव्हा बघणारच असाल, तर निदान नीट बघा. चुकीच्या टिपणावरून किंवा अर्धवट आकड्यावरून कुणाचं स्थळ मोडू नका.

सुरुवात जन्मवेळेपासून करा. आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते ती प्रसूतिगृहाच्या कागदावर, आजोबांच्या डायरीत, नाहीतर 'गाईची धार काढत होतो तेव्हा' अशा आठवणीत. त्यातही रात्री १२ नंतरचा जन्म हा हमखास घोटाळा. '१४ तारखेच्या रात्री साडेबारा' म्हणजे सरकारी हिशेबाने १५ तारीख, पण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून घरात १४च सांगितली जाते. परदेशात जन्मलेल्यांचं आणखी एक. न्यू जर्सीत जुलैमध्ये जन्मलेल्या मुलीच्या कागदावरची वेळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेल्या घड्याळाची असते. संगणकात गाव नीट निवडलं तर तो हा तास आपोआप वजा करतो. हाताने पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींना मात्र आपण होऊन सांगावं लागतं.

वेळ किती चुकली तर काय बदलतं, हे माहीत असलेलं बरं. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, नक्षत्राचा एक चरण ओलांडायला सहाएक तास आणि एक रास ओलांडायला सव्वादोन दिवस. लग्नरास मात्र दर दोन तासांनी बदलते. म्हणजे वेळेत वीस मिनिटांची चूक झाली तर गुण सहसा हलत नाहीत, पण लग्नरास बदलू शकते, आणि तिच्याबरोबर मंगळाचं स्थानही. गुण जन्मवेळेची चूक पोटात घालतात, मंगळ घालत नाही. म्हणून कुणी 'मंगळ आहे' म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: वेळ कुठल्या कागदावरून घेतली?

पत्रिका हरवली असेल आणि वेळही आठवत नसेल, तर आजीला नावरस नाव विचारा. ते नक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून ठेवलेलं असतं. चू, चे, चो, ला ही अश्विनीची अक्षरं, ओ, वा, वी, वू ही रोहिणीची. बारशाला कानात सांगितलेलं आणि पुढे कुणी न वापरलेलं 'ओंकार' हे नाव आजीला आठवलं, तर रोहिणीचा पहिला चरण सापडला. गुण काढायला तेवढं पुरतं.

आता पंचांग. दोघांच्या पत्रिका एकाच पद्धतीने काढलेल्या हव्यात. सोलापूरचं दाते पंचांग, घरोघरचं कालनिर्णय, सरकारचं राष्ट्रीय पंचांग ही सगळी चित्रापक्ष अयनांश मानतात. टिळक पंचांग रैवतपक्षाचं आहे आणि दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. नक्षत्र असतं १३ अंश २० कलांचं. म्हणजे एका पंचांगातून दुसऱ्यात गेलं की दहांतल्या तिघांचं नक्षत्रच बदलतं. रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात मुलाची पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली असेल आणि मुलीची दात्यांवरून, तर ते गुण एका माणसाची उंची फुटांत आणि दुसऱ्याची वितीत मोजून केलेल्या तुलनेइतकेच खरे. परदेशी ॲपवरून पत्रिका काढणाऱ्या मुलामुलींनी तर जास्तच जपावं. ती बहुधा सायन पद्धतीची असते, आपल्या निरयन पद्धतीपेक्षा २४ अंशांनी सरकलेली, त्यामुळे दहांतल्या आठांची चंद्ररास एक घर पुढे दिसते. पाश्चात्त्य पद्धतीत छत्तीस गुणही नसतात. एकाच्या शुक्राचा दुसऱ्याच्या मंगळाशी किती अंशांचा कोन होतो, एकाचा चंद्र दुसऱ्याच्या कुठल्या स्थानात पडतो, असं तिथे बघतात. ती पद्धत वेगळी आहे आणि दोन्हींची खिचडी करून काही हाती लागत नाही.

गुणमेलनाचं कोष्टक पंचांगाच्या शेवटच्या पानांत असतं. २७ नक्षत्रं, त्यातली कृत्तिका, मृग, पुनर्वसू अशी ९ दोन राशींत विभागलेली, म्हणून एका बाजूला ३६ ओळी आणि दुसऱ्या बाजूला ३६ रकाने. १,२९६ घरं. तुमच्या लेकीचं अख्खं स्थळ त्यातल्या एका घरातल्या आकड्यावर तोललं जातं. आकडा आठ भागांचा बनतो: वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. बेरीज ३६, आणि १८ झाले की जुळले म्हणायचं. वर्ण म्हणजे जात नव्हे, तो राशीवरून येतो. कर्क, वृश्चिक, मीन राशीचा कुठल्याही घरातला माणूस इथे ब्राह्मण वर्णाचाच. (आणि पूर्ण जुळणीचा आकडा ३६ ठेवणाऱ्या याच भाषेत भांडणालाही छत्तीसचा आकडा म्हणतात. आपल्या पूर्वजांना विनोदबुद्धी होती.)

लक्षात घ्या, हे आठही भाग फक्त चंद्रावरून काढले जातात. लग्नरास, सप्तमस्थान, शुक्र, गुरू, चालू महादशा यांतलं काहीही त्या छत्तीसांत नाही. दोन पत्रिका खऱ्या अर्थाने समोरासमोर ठेवणारा ज्योतिषी या सगळ्या गोष्टी बघतो आणि गुणांचा आकडा शेवटी सांगतो. तुमचे गुरुजी फोनवरून दोन नक्षत्रं विचारून अर्ध्या मिनिटात 'बावीस, करायला हरकत नाही' म्हणत असतील, तर त्यांनी पत्रिका पाहिलेली नाही, कोष्टक पाहिलंय. ते तुम्हालाही वाचता येतं.

आता एक जोडी घेऊ. मुलगा पुनर्वसूच्या चौथ्या चरणाचा, रास कर्क. मुलगी धनिष्ठेच्या पहिल्या चरणाची, रास मकर. मुलाची नाडी आद्य, मुलीची मध्य, वेगवेगळी म्हणून ८. राशी समोरासमोरच्या, राशिकूटाचे ७. वर्णाचा १. तारा एका बाजूने चांगली, दुसऱ्या बाजूने वाईट, म्हणून दीड. राशिस्वामी चंद्र आणि शनी. चंद्र शनीला सम मानतो, शनी चंद्राला शत्रू, म्हणून ग्रहमैत्रीचा पाचांपैकी अर्धा. इथेच १८ झाले. परीक्षा पास. राहिलेल्या योनी, वश्य आणि गणात काहीही येवो. मुलगा देवगणाचा आणि मुलगी राक्षसगणाची, म्हणजे तिथे जवळपास भोपळाच.

आता दुसरी जोडी. मुलगा पुष्य, कर्क. मुलगी अनुराधा, वृश्चिक. दोघंही देवगणाचे, गणाचे पूर्ण ६. राशिस्वामी चंद्र आणि मंगळ, ग्रहमैत्रीचे ४. तारेचे पूर्ण ३, वर्णाचा १. शास्त्राच्याच भाषेत स्वभाव जुळणारी जोडी. पण दोघांची नाडी मध्य, म्हणजे ० आणि राशी एकमेकींपासून पाचव्या-नवव्या, नवपंचम, तिथेही ०. आठ आणि सात मिळून पंधरा गुण बसल्या जागी गेले. आता सगळं काही पूर्ण मिळालं तरी २१च्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात ही जोडी अठराच्या उंबऱ्यावर घुटमळते. वर 'एकनाड' हा शिक्का.

दोन्हींपैकी कुठली बरी हे मी सांगणार नाही. पण आकडा कळला की तो फोडून मागा. 'किती' असं विचारू नका, 'कशाचे किती' असं विचारा. ज्या घराला स्वभावाची काळजी आहे त्याने गण आणि ग्रहमैत्रीच्या ११ गुणांपैकी किती आले ते बघावं. उगाच नाडी आणि राशिकूटाच्या पंधरांवर खूश होऊ नये की रडू नये.

नाडीचं भय मात्र सगळ्यात मोठं. नाड्या तीन, प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. डोळे मिटून कुठलीही जोडी उचला, तिघांत एका जोडीची नाडी एक निघणार. एवढ्या लोकांना शास्त्राने खरंच बाद केलं असतं का? नाही, म्हणूनच परिहार ठेवलेत. रास एक पण नक्षत्र वेगळं, नक्षत्र एक पण रास वेगळी, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळा असेल, तर नाडीदोष धरत नाहीत. संगणकाच्या कागदावर 'नाडी ०' असं छापून येतं, परिहार मात्र बहुधा छापून येत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

आणि एकनाड म्हणजे रक्तगट सारखा, त्यामुळे मुलं व्यंग असलेली होतात, हे तर कुणी सांगितलं तरी ऐकू नका. रक्तगट आईवडिलांकडून येतो, नाडी जन्माच्या क्षणी चंद्र कुठे होता त्यावरून. एकाच आईची दोन मुलं एकाच रक्तगटाची आणि वेगवेगळ्या नाडीची असू शकतात. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असल्याने काही बिघडत नाही. बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, आणि त्यासाठी गरोदरपणात व बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन असतं. मुलांच्या तब्येतीची खरोखर चिंता असेल तर पत्रिकेच्या पाकिटात आणखी एक कागद घाला: दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी. रक्ताची एचपीएलसी नावाची एकच चाचणी असते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी झालेल्यांना लग्नाआधी जुळवून बघता येईल असं कार्डही देतात. माझ्या मते नाडीचे आठ गुण त्या कार्डाला द्यावेत.

मंगळाचं गणित तर मी लग्नघरांत मुद्दाम मांडून दाखवते. लग्नकुंडलीत १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळदोष. बारांपैकी पाच घरं, म्हणजे शंभरांतली चाळीसेक माणसं मंगळाची. मंगळ नसण्याची शक्यता सात-बारांश, सातबाऱ्यावर नाव लागण्याइतकीच नशिबाची गोष्ट. काहीजण लग्नाबरोबर चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजतात. तिन्हीकडून मोजला तर निसटणारा साधारण पाचांत एक उरतो. पाचांतल्या चौघांना जो दोष आहे त्याला दोष का म्हणायचं, हा प्रश्न विचारला की खोलीत शांतता पसरते. यालाही परिहार आहेतच. मंगळ मेष, वृश्चिक या स्वतःच्या राशीत किंवा मकरेत उच्चीचा असेल तर तो सौम्य धरतात. दोघांनाही मंगळ असला तर प्रश्न मिटला असं मानतात. त्यामुळे 'मंगळ आहे का' एवढं विचारून थांबू नका. कुठल्या स्थानी, कुठल्या राशीत, हे दोन शब्द पुढे विचारा. कुंभविवाह करून मंगळ उतरवायचा खर्च कुणी सुचवला, तर आधी ती पत्रिका दुसऱ्या एका जाणकाराला दाखवा आणि पहिल्याचं मत त्याला सांगू नका.

मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्याला. या यादीवर मी परिच्छेद खर्च करणार नाही. मूळ नक्षत्रावर मुलगेही जन्मतात आणि त्यांचे सासरे सुखाने जगतात.

पत्रिका कधी बघायची, हेही ठरवून घ्या. बघायचीच असेल तर पोह्यांच्या आधी. दोघं भेटली, चार वेळा बोलली, साखरपुड्याच्या साडीचा रंग ठरला आणि मग 'जरा पत्रिका दाखवतो' म्हणणं हा अन्याय आहे. प्रेमात पडलेल्यांनी तर घरच्यांशी पहिल्याच बैठकीत 'आम्ही बघणार आहोत की नाही' हे सांगून टाकावं. लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवायचे आणि मग पत्रिका जुळत नाही म्हणून अंग काढून घ्यायचं, ही सबब २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. कायद्याला पत्रिका लागतच नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटी दिल्यात. वय, मनःस्थिती, निषिद्ध नाती, आधीचा जोडीदार हयात नसणं, सगळं आहे. गुणांचा उल्लेख नाही.

आणखी एक गोष्ट आपण सगळे जाणतो, पण लिहीत नाही. 'पत्रिका जुळत नाही' हे आपल्या समाजातलं सगळ्यात सभ्य नकाराचं वाक्य आहे. मुलगा सावळा वाटला, पगार कमी वाटला, घर भाड्याचं निघालं, की चंद्राला पुढे करायचं. त्यात कुणाचा अपमान होत नाही, आणि म्हणूनच हे वाक्य टिकलंय. त्याला माझा आक्षेप नाही. पण नकार मिळालेल्या घराने ते शब्दशः घेऊ नये. तिथून नकार आला म्हणून मुलीची पत्रिका घेऊन तीन ज्योतिषांकडे धावू नये, शांतीसाठी पैसे मोजू नयेत. पत्रिकेत काही नव्हतं. त्यांना दुसरं स्थळ आवडलं होतं.

गुरुजींकडे जाताना दोघांच्या जन्मवेळा कागदावरून उतरवून न्या. पंचांग कुठलं वापरता, हे विचारून घ्या. गुण आठ भागांत फोडून लिहून मागा, शून्य कुठे आलं आणि त्याला परिहार आहे का ते विचारा. मुलामुलीला बाहेरच्या खोलीत बसवू नका, दोघांना समोर बसवा, पत्रिका त्यांच्या आहेत. एवढं विचारल्यावर चिडणारे गुरुजी असतील तर दुसरे बघा. चांगला जाणकार उलट खूश होतो. वडील व्हायचे.

आणि तुमच्या घरी नुकतंच बाळ आलं असेल तर आज उठून प्रसूतिगृहाची फाईल काढा. जन्मवेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा, ०४:४० की १६:४०. जोडीला 'पहाटे' किंवा 'दुपारी' हा शब्दही लिहा. कागदाचा फोटो काढून आई, बाबा आणि आत्या अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवा. पंचवीस वर्षांनी त्या मुलाला पत्रिका बघायचीच नसेल, तर उत्तम. पण बघायची झाली, तर निदान त्याचीच बघितली जावी.